दोन मूर्ती आणि शेवटचे दहा मुक्काम

एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं :

‘आम्ही दोघं ठाण्याचे, पाचपाखाडीतले. हे ६३ वर्षांचे, मी ५९. देवउठनी एकादशी झाल्यावर ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमा उचलली. शंभर दिवस होत आले. आज हंडियाला धर्मशाळेत आहोत, म्हणजे आता फार तर दहा मुक्काम उरले. यांची उजवी नडगी आठवडाभर दुखते आहे. विचारलं की “काही नाही” म्हणतात, आणि मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज दोन घेतात. बीपीची गोळी वेगळी. तरी दिवसाला तीस किलोमीटर ओढतात, कारण महाशिवरात्रीला ओंकारेश्वर गाठायचं आहे आणि त्याच्या पुढच्या रविवारी मुलानं ठाण्यात मावंद्यासाठी, म्हणजे यात्रा पुरी झाल्याच्या जेवणासाठी, हॉल घेतला आहे. दोनशे माणसं. गाडीत बसा म्हटलं तर परिक्रमा खंडित होईल म्हणून चिडले. दोन दिवस बोलणं बंद आहे. आणखी एक गोष्ट मी यांनाही सांगितलेली नाही. मला घरी यायचंच नाहीये. चौतीस वर्षांत यांनी कधी चहा केला नाही, आणि इथे टिक्कड, म्हणजे जाड रोट्या, भाजतात, माझी ओली साडी पिळून वाळत घालतात. ठाण्याला पोहोचलो की हे संपेल. हसू नका. मी काय करू?’

ताई, नर्मदे हर.

हसण्यासारखं यात काहीही नाही. पायाबद्दलचं उत्तर तुम्हाला त्याच दिवशी मेसेजवर पाठवलं होतं. अशा वेळी सगळेच पायाचं दुखणं लपवतात, म्हणून इथे पुन्हा सविस्तर लिहिते.

भावोजींना पाय पसरून बसवा आणि म्हणा, “नेमकं कुठे दुखतं ते एका बोटानं दाखवा.” पूर्ण तळहात नडगीवरून फिरवून “इथे सगळीकडे” म्हणाले, सकाळी जास्त दुखून चालता चालता कमी होत असलं, तर बहुधा स्नायूंचा ताण आहे. तो दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनं आणि कमी अंतरानं आटोक्यात येतो. पण बोट हाडावरच्या एकाच जागी टेकलं, तिथे दाबल्यावर कळ आली, चालताना दुखणं वाढत गेलं आणि रात्री पडल्यावरही ठणकत राहिलं, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. शंभर दिवस रोज तेच हाड तोच भार घेतं, तेव्हा असं होतं. अशा पायावर तीस किलोमीटर चालत राहिलं तर बारीक तड्याचं पुरं मोडलेलं हाड व्हायला वेळ लागत नाही. एक गोष्ट डॉक्टरांकडे जाण्याआधीच माहीत असू द्या. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. ‘एक्स-रे नॉर्मल आला, चला’ असं भावोजी म्हणतील. तिथे तुम्ही ठाम राहा. दुखणं कसं आहे ते डॉक्टरांना तुमच्या तोंडून सांगा, कारण त्यांच्या तोंडून ते निम्मंच बाहेर येईल.

पोटरीही बघा. एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल तर सकाळची वाट बघू नका. रक्ताची गाठ असू शकते. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर त्या क्षणी दवाखाना.

आणि त्या गोळ्या. साठी ओलांडलेला, बीपीची गोळी चालू असलेला माणूस डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक रोज घेतो, तेव्हा मूत्रपिंडावर भार येतो, बीपी चढू शकतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. थंडीत हे जास्त घातक ठरतं, कारण तहान लागत नाही. पहाटे धुक्यातून निघालेला माणूस दहा वाजेपर्यंत दोन घोट पाण्यावर चालतो. शौचाला काळं होतंय का, लघवी कमी आणि गडद होते का, हे विचारा. नवऱ्याला हे कसं विचारायचं असा संकोच शंभर दिवस धर्मशाळांमध्ये एकत्र काढल्यावर उरलेला नसणार. शिवाय गोळी दुखणं दाबते आणि पाय मात्र तसाच झिजत राहतो, हा तिचा सगळ्यात मोठा दोष आहे.

हरद्याला जिल्हा रुग्णालय आहे. हंडियापासून वीसेक किलोमीटर, आपल्याच म्हणजे दक्षिण तटावर. समोर नदीपलीकडे नेमावर दिसतं, पूलही आहे, पण परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, तेव्हा तो पूल परिक्रमावासींचा नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. जीपनं हरद्याला जा, दाखवा, आणि परत हंडियाला, जिथे पाऊल थांबलं होतं तिथेच उतरा. नदी ओलांडली नाही, वाटेतलं एक पाऊलही गाळलं नाही, तर खंडित काय झालं?

आता ‘खंडित’ या शब्दाबद्दल. भावोजींचा संकल्प पायी करण्याचा आहे, तो मी हलका मानत नाही. पण परंपरेनं सांगितलेली परिक्रमा किती दिवसांची? तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. नदी १,३१२ किलोमीटर लांब आहे. दोन्ही तट धरले, वळसे धरले, तरी तेवढं चालायला तीन वर्षं लागत नाहीत. ही परंपरा ज्यांनी घातली त्यांनी थांबणं तिच्यातच धरलं आहे. चातुर्मासाचे चार महिने तर एका जागी राहायचंच असतं. मग हंडियाला किंवा हरद्याजवळ पाच दिवस थांबलात तर नियमाच्या बाहेर कसे जाता? डॉक्टरांनी सहा आठवडे चालायचं नाही म्हटलं तर गोष्ट वेगळी. मग तिथेच, दक्षिण तटावर, मोठा मुक्काम करायचा की उरलेली वाट गाडीनं, मैया म्हणजे नर्मदा उजव्या हाताला ठेवून पुरी करायची, हे तुम्ही दोघांनी ठरवा. मला विचाराल तर मी गाडीत बसेन. बसनं परिक्रमा करणारी हजारो माणसं त्याच मैयाचं नाव घेतात.

डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं, तर पंधरा किलोमीटरच्या वर एक पाऊल नाही. काठी डाव्या हातात घ्यायला लावा. दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी असली की त्या पायावरचा भार उतरतो. बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. त्यांच्या सॅकमधलं निम्मं सामान काढा. दहा मुक्कामांना दुसरं ब्लँकेट लागत नाही, वाटेत कुणाला तरी द्या. सकाळी गव्हाच्या बांधावरून गेलं की दवानं बूट चिंब होतात, म्हणून ऊन पडल्यावरच निघा आणि मोज्यांचा एक कोरडा जोड सॅकला अडकवलेला असू द्या. धुकं असेल तर इंदूर-बैतुल रस्त्याच्या कडेनं चालूच नका. ट्रकवाल्याला पांढऱ्या कपड्यातला माणूस धुक्यात दिसत नाही.

पायाबद्दल एवढं पुरे. आता मुलाचा हॉल.

आज रात्री मुलाला फोन करा. तुम्ही करा, भावोजींना करायला लावू नका. म्हणा, “बाबांचा पाय दुखतोय, तारीख पुढे ढकल. हॉलचे पैसे गेले तर जाऊ दे.” मुलं प्रेमानं करतात हे खरं, पण मावंदं परिक्रमा पुरी झाल्यावर घालायचं असतं आणि इथे मावंद्याची तारीख परिक्रमेला हाकते आहे. शिवरात्रीचंही तेच. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते म्हणतात, आणि त्या दिवशी ओंकारेश्वरला पाय ठेवायला जागा नसते. ज्योतिर्लिंगाचं ठिकाण, घाटाच्या पायऱ्या, रांगा, धक्काबुक्की. दुखऱ्या पायानं तिथे जाऊन पायरीवरून घसरण्यापेक्षा चार दिवसांनी जा.

भावोजी घाई का करतात, याचा एक अंदाज सांगते. दुखणाऱ्या माणसाला लवकर संपवायचं असतं. तुम्हाला वाटतं ते तुमच्यापासून, त्या टिक्कडांपासून पळत ठाण्याकडे निघालेत. कदाचित ते फक्त नडगीपासून पळत असतील.

आमचीच गोष्ट सांगते. आम्ही दोघं गेलो होतो त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. हंडियाच्या पुढे तुम्हाला कळेल, मैया मैया राहत नाही. इंदिरा सागर धरणाचं पाणी पसरलेलं आहे, वाट आत वळते, दिवसचे दिवस नदी नजरेला पडत नाही. २००४ मध्ये हरसूद हे गाव त्या पाण्यात गेलं. छनेऱ्याला, म्हणजे नव्या हरसूदला, आम्ही ज्यांच्या ओसरीवर आसन लावलं त्या आजी रात्री उशिरापर्यंत त्यांच्या जुन्या घराची दारं कुठल्या दिशेला होती ते सांगत होत्या. त्या पट्ट्यात आमचं सगळ्यात जास्त बिनसलं. इतके दिवस राग आला की मी नदीकडे बघायची. तिथे बघायला नदीच नव्हती, समोर फक्त हे होते.

पुनासाच्या अलीकडे एका दुपारी हे बाभळीखाली बसून बूट काढायला लागले. मोजा उलटा करून सोलला तर त्यासोबत अंगठ्याचं काळं नख निघून आलं. मोज्याच्या टोकाशी रक्त वाळून कडक झालेलं होतं. मी विचारलं, कधीपासून? तीन दिवस. सांगितलं का नाही? तर म्हणाले, “माझ्यामुळे तुझी परिक्रमा रखडली असं व्हायला नको होतं.” आणि त्याच तीन दिवसांत मला रात्री कणकण येत होती, ती मीही सांगितली नव्हती, नेमक्या त्याच कारणानं. एकमेकांना जपायचं म्हणून आम्ही दोघं तीन दिवस एकमेकांशी खोटं बोलत चाललो होतो. मग एका शेतकऱ्याकडे चार दिवस राहिलो. निघताना तो म्हणाला, “मैया ने रोका था.” मला अजूनही तसंच वाटतं.

तेव्हा अबोला तुम्हीच मोडा. कोण चुकलं ते ठरवत बसू नका. “माझ्यापासून काय लपवताय ते सांगा, मग मी काय लपवते ते सांगते,” एवढं म्हणा.

कारण तुम्हीही लपवताय, ताई. घरी यायचं नाही, ही गोष्ट नडगीइतकीच दुखते आहे आणि ओंकारेश्वरच्या आधी ती बोलून व्हायला हवी. ठाण्याच्या हॉलमध्ये, हार गळ्यात असताना, ती बोलता येणार नाही. नंतर घरातही नाही. घरातल्या भिंतींना तुमची चौतीस वर्षांची सवय आहे.

वाटेवर प्रत्येक आश्रमात तुम्हाला विचारलं असेल, “कितनी मूर्ति?” म्हणजे किती माणसं, आणि तुम्ही सांगितलं असेल, “दो.” तिथे कुणी साहेब नव्हतं, कुणी साहेबांची बायको नव्हती. सदावर्तातून, म्हणजे शिध्याच्या दानातून, दोन मूर्तींचं पीठ-डाळ मिळालं, चूल एक, आणि पोट दोघांचं. त्यामुळे भावोजींच्या हाताला टिक्कड आले. मनानं ते बदलले का, हे मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही एवढ्यात त्यावर पैज लावू नका. पण हातांना काम आलं आहे, हे नक्की. हात आलेलं काम विसरत नाहीत, जर कुणी ते काढून घेतलं नाही तर.

हे काढून घेण्याचं पाप मी केलं आहे, म्हणून सांगते. परतल्यावर तिसऱ्या दिवशी यांनी आमच्या ठाण्याच्या स्वयंपाकघरात कणीक मळायला घेतली. पाणी जास्त झालं, कणीक बोटांना चिकटली, ओट्यावर पीठ सांडलं. घरात पाहुणे होते. मला लाज वाटली. कसली, ते आज सांगता येत नाही. मी परात ओढून घेतली आणि म्हटलं, “द्या, मी करते, तुम्ही बसा बाहेर.” यांनी नळाखाली हात धुतले आणि हे बाहेर जाऊन बसले. पुढे कित्येक महिने ते स्वयंपाकघरात आले ते फक्त पाणी प्यायला. जंगलात धुरानं डोळे चुरचुरत असताना त्यांनी केलेले जाडजूड, कडा करपलेले टिक्कड मी मैयाचा प्रसाद म्हणून खाल्ले होते, आणि स्वतःच्या ओट्यावर मला गोल पोळी हवी होती. पुन्हा त्यांना आत यायला मी विनवलं तेव्हा ते आले, पण आधीची ती मोकळीक यायला वर्ष लागलं.

म्हणून चालता चालता बोला. समोरासमोर बसून नको, भावोजींच्या पिढीला ते चौकशीसारखं वाटतं. बाजूबाजूनं चालताना, दोघांचे डोळे वाटेवर असताना, माणूस बोलतो. “घरी गेल्यावर असेच राहा हं” असलं काही मागू नका, त्याला कुणीही हो म्हणतं. मोजता येईल असं मागा. “सकाळचा पहिला चहा तुम्ही करायचा. आठवड्यातून तीन रात्री चुलीसारखंच, तुम्ही भाजा, मी चिरते. आपापले कपडे ज्याचे त्यानं धुवायचे.” आणि तुमच्या बाजूनं शब्द द्या की तुम्ही परात ओढणार नाही, सून हसली तरी, पोळीचा नकाशा झाला तरी. त्यांना काय हवंय तेही विचारा. शंभर दिवसांत त्यांनाही तुमच्यात काहीतरी आवडलं असेल जे ठाण्यात दिसत नव्हतं. कदाचित तुम्ही अनोळखी माणसांशी मोठ्यानं बोलायला लागलात, ते असेल. कदाचित न सांगता एकट्या घाटावर जाऊन बसता, ते.

घरी यावंसं वाटत नाही यात संसाराचा अपमान आहे असं मनात आणू नका. रोज उठून फक्त चालायचं, पुढचं गाव, पुढचं आसन, एवढ्याच गोष्टी ज्याच्या डोक्यात शंभर दिवस होत्या, त्याला फ्लॅटची किल्ली जड वाटणारच. ते जड वाटणं महिना-दोन महिने टिकतं. रात्री झोप येत नाही, गादी टोचते. भूक पंचवीस किलोमीटरची राहते आणि चालणं ठाणे स्टेशनपर्यंतचं. म्हणून पाय परवानगी देतील तसं चालणं हळूहळू उतरवा. सकाळी उपवन तलावापर्यंत जा, संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारा. सरावाला येऊरचा चढ केला असेल तर तोही पुन्हा करा, पण भावोजींचा पाय पुरा बरा झाल्यावर. बीपी आल्या आठवड्यात तपासून घ्या. चालण्यानं तो बदललेला असतो, गोळीचं प्रमाण डॉक्टरांना पुन्हा बघावं लागतं.

ओंकारेश्वरला पोहोचलात की त्याच रात्रीची गाडी पकडू नका, ही माझी कळकळीची विनंती. निघताना तुम्ही दक्षिण तटावरून ओंकारेश्वराचं मंदिर असलेल्या बेटाकडे फक्त हात जोडले असतील, कारण नदी ओलांडून तिथे जाता येत नव्हतं. आता जाता येईल. पहिल्या दिवशी ममलेश्वरच्या, म्हणजे दक्षिण तटाच्या, बाजूलाच राहा, कन्यापूजन करा, शिऱ्याच्या प्रसादाची कढई करा, पाय शेकत बसा. दुसऱ्या दिवशी नावेतून पलीकडे जा आणि मैयाच्या बाटलीतलं जल ओंकारेश्वराला वाहा. शंभर दिवस सकाळ-संध्याकाळ जिची पूजा केली ती बाटली रिकामी होताना बघणं अवघड असतं. तेव्हा शेजारी भावोजी असावेत, आणि ते दोन पायांवर उभे असावेत, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिते आहे. तिसऱ्या दिवशी खांडव्याहून गाडी धरा. मुलाला सांगा, सोसायटीच्या दारात बँड नको, गरम वरणभात असू दे.

भावोजी, ताई हे तुम्हाला वाचून दाखवतील असं धरून एक ओळ तुमच्यासाठी. तुम्ही लपवलंत ते प्रेमानंच, मला माहीत आहे. पण त्या शेजारी चालताहेत आणि तुमच्या पावलाचा आवाज बदललाय हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं आहे. आता हे वाचून झालं की बूट काढा आणि एका बोटानं दाखवा, कुठे दुखतं ते.

नर्मदे हर.